मंदीतलं दुकान उन्हाळ्यातच का बुडतं?

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांत, हमरस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत कधीकधी बिलियर्ड्सची टेबलं विकणारं एखादं दुकान दिसतं. आत आठ-दहा टेबलं मांडलेली, भिंतीला काठ्या म्हणजे क्यू लावलेले, काउंटरवर चॉकचे डबे, आणि गल्ल्यावर बहुतेक वेळा मालक स्वतः. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर अशी बरीच दुकानं बंद पडली. नाताळच्या आधी जिथे टेबल घरी यायला दोन-तीन आठवडे थांबावं लागायचं, तिथेच पुढच्या ऑगस्टमध्ये 'दुकान बंद करणे आहे, सर्व माल विक्रीस' असा फलक लागायचा. येणारी-जाणारी माणसं विचारायची, एवढा धंदा झाला होता, मग पैसा गेला कुठे?

आपल्याकडे दिवाळीत गजबजलेलं दुकान पुढे चार-सहा महिन्यांत बंद झालं की हाच प्रश्न येतो. आणि उत्तरही ठरलेलं असतं: मालकाने पैसे उधळले असतील, नाहीतर ऑनलाइनवाल्यांनी धंदा खाल्ला असेल. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. हंगामाचा चढ-उतार आणि मंदी या दोन गोष्टी एकमेकींवर बसल्या की लहान दुकानाचं काय होतं, हे बिलियर्ड्सच्या धंद्यात फार स्वच्छ दिसतं, म्हणून उदाहरणाला हाच धंदा घेतला आहे.

आधी माल समजून घेऊ

क्यूने चेंडू मारायचे सगळे खेळ मिळून बिलियर्ड्स असं आपण इथे म्हणू. भारतात, ब्रिटनमध्ये बारा फुटी टेबलावरचा स्नूकर जास्त चालतो, तर अमेरिकेत पूल हा त्याहून लहान टेबलावरचा खेळ. घरात ठेवायचं पूल टेबल साधारण आठ फुटी असतं. चांगल्या टेबलाचा पृष्ठभाग लाकडाचा नसतो, स्लेटचा म्हणजे पाटीच्या दगडाचा असतो, कारण तो हवामानाप्रमाणे वाकत नाही. त्यामुळे टेबलाचं वजन चारशे किलोच्या घरात जातं.

हे टेबल खोक्यातून काढून पाय लावले आणि झालं, असं होत नाही. तीन तुकड्यांत आलेली स्लेट चौकटीवर बसवायची, प्रत्येक तुकडा लेव्हल ठेवून तपासायचा, जिथे किंचित खाली असेल तिथे पातळ पाचर सारायची, दोन तुकड्यांमधल्या सांध्यात वितळवलेलं मधमाश्यांचं मेण भरून ते पात्याने घासून सपाट करायचं, मग वरून लोकरीचं कापड ताणून बसवायचं आणि शेवटी रबरी कडा आवळायच्या. सराईत दोन माणसांचे यात काही तास जातात. कापड सैल राहिलं किंवा लेव्हल केसभर चुकली तर हळू मारलेला चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात वळतो आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो.

दुकानदार खरं तर ही कारागिरी विकत असतो. पण ती विकायला त्याला जागा लागते, तीही मोठी. एका आठ फुटी टेबलाभोवती क्यू मागे खेचता यावा इतकी जागा सोडायची तर साडेतेरा फूट बाय सतरा फुटांची खोली लागते. दुकानात टेबलं थोडी जवळजवळ मांडता येतात, तरी कपड्याच्या किंवा मोबाइलच्या दुकानापेक्षा चौरस फूट कितीतरी जास्त लागतात. त्या प्रत्येक फुटाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, टेबल विकलं जावो न जावो.

वर्षभरात विक्री वर-खाली का होते?

अमेरिकेत थंडी पडायला लागली की माणसं घरात येतात. ऑक्टोबरपासून बेसमेंटमधली खेळायची खोली सजवायचे बेत सुरू होतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, पाठोपाठ नाताळ, पाहुणे घरी येणार, मुलं कॉलेजातून परतणार. टेबल घ्यायचं तर आत्ताच. जानेवारी-फेब्रुवारीतही मागणी टिकते, आणि फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान प्राप्तिकराचा परतावा हातात आला की काहीजण राहून गेलेली खरेदी उरकतात.

मग उन्हाळा येतो. दिवस रात्री साडेआठ-नऊपर्यंत लांबतो, लोक अंगणात, समुद्रावर, सहलीला. घराच्या तळघरात चारशे किलोचं टेबल ठेवायचा विचार जुलैत कोण करणार? या दर वर्षी त्याच वेळी येणाऱ्या चढ-उताराला हंगामी चढ-उतार म्हणायचं. तो दुकानदाराला पाठ असतो. हिवाळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात ते खायचं, एवढंच त्याचं गणित, आणि बरी वर्षं असतात तोवर ते जमतं.

मंदी हंगामापेक्षा वेगळी कशी?

कमी पावसाच्या वर्षी गावातली विहीर आषाढात आटत नाही. पाऊस थोडा का होईना पडलेला असतो, पाणी वर आलेलं दिसतं, पोहरा भरून निघतो. ती आटते चैत्र-वैशाखात. चांगल्या वर्षीही चैत्रात पाणी खाली जातंच, पण तळ दिसत नाही, कारण सुरुवातच वरून झालेली असते. मंदी दुकानाचं नेमकं हेच करते. हंगामाचा आकार तोच राहतो: डिसेंबर वर, जुलै खाली. फक्त सगळी पातळीच काही हात खाली सरकते. डिसेंबरमध्ये ते जाणवत नाही, जुलैत तळ लागतो.

बिलियर्ड्सच्या धंद्यात ही पातळी इतर दुकानांपेक्षा जास्त खाली सरकते, आणि त्याला कारणं आहेत. पूल टेबल ही टिकाऊ वस्तू आहे. एकदा घेतली की पंचवीस-तीस वर्षं जाते, आणि नाही घेतली तर कोणाचं काही अडत नाही. दूध, औषध, मुलांची फी पुढे ढकलता येत नाही, टेबल येतं. नोकरीची धास्ती वाटायला लागली की पहिली काट याच यादीवर बसते.

दुसरं कारण घरांचं. टेबल ठेवायला खोली लागते, म्हणून टेबलांची विक्री नव्या घरांच्या मागोमाग चालते. अमेरिकेत २००५ मध्ये वीस लाखांहून अधिक नव्या घरांचं बांधकाम सुरू झालं होतं. २००९ मध्ये हा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आला, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. शिवाय तेजीच्या काळात घराच्या वाढलेल्या किमतीवर बँकेकडून आणखी कर्ज उचलून लोक स्वयंपाकघर नवं करायचे, बेसमेंट सजवायचे. घरांच्या किमती कोसळल्या तशी ती वाटही बंद झाली.

तिसरं कारण मला सगळ्यात क्रूर वाटतं. बँकेने घरं जप्त केली, कुटुंबं लहान भाड्याच्या घरांत गेली, आणि त्यांची टेबलं जुन्या बाजारात आली. टेबल हलवणं खर्चाचं काम, म्हणून 'तुम्ही काढून न्या' एवढ्या अटीवर ती मातीमोल भावात मिळू लागली. दुकानदाराला आता स्वतःच पूर्वी विकलेल्या टेबलांशी स्पर्धा करायची होती.

आकडे मांडून पाहू

हे दुकान काल्पनिक आहे, आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. वर्षाची विक्री ६ लाख डॉलर. १०० डॉलरच्या विक्रीत माल ६० डॉलरचा, म्हणजे ४० डॉलर हातात राहतात. याला ढोबळ नफा म्हणू. भाडं, पगार, वीज, विमा, मालकाचं घर चालवायला लागणारी रक्कम हा सगळा ठरलेला खर्च महिन्याला १७ हजार, तीन महिन्यांना ५१ हजार.

ऑक्टोबर ते डिसेंबर वर्षाच्या विक्रीतला ४० टक्के वाटा, जानेवारी ते मार्च २८, एप्रिल ते जून १७, जुलै ते सप्टेंबर १५ टक्के असं धरू. बऱ्या वर्षी पहिल्या तिमाहीत खर्च वजा जाता ४५ हजार उरतात, दुसरीत १६,२००. एकूण शिल्लक ६१,२००. पुढच्या दोन सुस्त तिमाहींत १०,२०० आणि १५,००० डॉलरची तूट येते, तीही भरून निघते आणि वर्षअखेर ३६ हजार उरतात. वाईट नाही.

आता विक्री २० टक्क्यांनी घटवू. नाताळच्या तिमाहीत तरीही २५,८०० उरतात. गल्ला भरलेला आहे, दुकानात माणसं आहेत, बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. जानेवारी ते मार्च जेमतेम २,७६०. शिल्लक झाली २८,५६०. वसंतात १८,३६० ची तूट, म्हणजे जूनअखेर हातात १०,२०० राहिले. जुलै ते सप्टेंबर दर महिन्याला ७,४०० जातात. ऑगस्टच्या मध्याला पैसे संपतात.

विक्री २० टक्के घटली आणि ३६ हजारांच्या नफ्याचा १२ हजारांचा तोटा झाला. भाडं २० टक्क्यांनी कमी होत नाही, हे त्याचं साधं कारण. आणि तोटा वर्षभराचा असला तरी तो दिसला ऑगस्टमध्ये. उन्हाळ्याने दुकान बुडवलं असं वाटतं, पण उन्हाळा तर दर वर्षीसारखाच होता.

मग सवलत देऊन माल का काढत नाहीत?

काढतात, आणि तिथेच अनेकांचा पाय आणखी खोलात जातो. वरच्याच मंदीच्या वर्षात दुकानदाराने सूट दिली आणि १०० डॉलरच्या विक्रीमागे ४० ऐवजी ३५ डॉलर हातात राहिले, असं धरा. विक्री तेवढीच राहिली तर १२ हजारांचा तोटा ३६ हजारांवर जातो. सवलतीने विक्री वाढली तर काही भरपाई होईल, हे खरं. पण ज्याला नोकरी टिकेल की नाही याची खात्री नाही तो दहा टक्के सूट पाहून तीन हजार डॉलरचं टेबल घेत नाही. जो घेणारच होता तो मात्र स्वस्तात घेऊन जातो. सवलतीचा उपयोग होतो तो अडकलेला पैसा मोकळा करायला: वर्षभर पडून राहिलेलं टेबल मुद्दलात का होईना गेलं, तर ते पैसे भाड्याला कामी येतात.

खरा जुगार उन्हाळ्यात खेळला जातो

नाताळात विकायचा माल नाताळात मागवून चालत नाही. टेबलं, चौकटी, स्लेट यातलं बरंचसं समुद्रमार्गे येतं. ऑर्डर जुलै-ऑगस्टमध्ये द्यावी लागते, आणि तेव्हाच काही रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणजे हातात सर्वांत कमी पैसे असताना वर्षातली सर्वांत मोठी खरेदी करायची. चार महिन्यांनी लोकांच्या खिशाची हालत काय असेल याचा अंदाज मालकाने एकट्याने बांधायचा.

२००८ मध्ये काय झालं ते या नजरेने पाहा. अमेरिकेत मंदी अधिकृतपणे डिसेंबर २००७ मध्येच सुरू झाली होती, पण त्यावर शिक्कामोर्तब झालं वर्षभरानंतर. दुकानदारांनी उन्हाळ्यात ऑर्डरी दिल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. माल वाटेत किंवा गोदामात होता. त्या वर्षीचा नाताळचा हंगाम अमेरिकी किरकोळ व्यापाराच्या आठवणीतल्या सर्वांत वाईट हंगामांपैकी एक ठरला. न विकलेली टेबलं घेऊन ही दुकानं २००९ च्या उन्हाळ्यात शिरली. मंदी जून २००९ मध्ये संपली असं अर्थतज्ज्ञांनी नंतर ठरवलं खरं, पण बेरोजगारी त्यानंतरच्या ऑक्टोबरात १० टक्क्यांना पोचली. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक येतं ते नोकरी परत मिळाल्यावर, आकडे सुधारल्यावर नाही. यात दुकानदाराचा मूर्खपणा शोधणाऱ्यांचा मला राग येतो. त्या जुलैत ऑर्डर न देणं म्हणजे हंगाम आपणहून सोडून देणं होतं.

पण मंदीत लोक घरीच बसतात, मग टेबलं जास्त खपायला नकोत का?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. सहल रद्द करून तेच पैसे घरच्या करमणुकीवर घालणारी कुटुंबं असतात. २०२० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. महामारीत लोक घरात कोंडले गेले आणि घरगुती खेळांच्या सामानाला इतकी मागणी आली की माल पुरेना. पण तेव्हा बऱ्याच लोकांचे पगार चालू होते, सरकारने घरोघरी रक्कम पाठवली होती आणि हॉटेल-प्रवासाचा खर्च वाचला होता. लोक घरी होते आणि खिशात पैसेही होते. नेहमीच्या मंदीत लोक घरी असतात ते पैसे नसतात म्हणून. ते पत्ते खेळतात, डार्टचा बोर्ड आणतात, असलेल्याच टेबलावर खेळतात.

त्या तेजीचीही किंमत द्यावी लागली. २०२१ मध्ये चीनहून अमेरिकेला येणाऱ्या कंटेनरचं भाडं दहा हजार डॉलरच्या वर गेलं. त्या भावाने भरलेला माल लोक पुन्हा प्रवासाला लागल्यावर ज्यांच्याकडे उरला, त्यांना तो महागात पडला.

उन्हाळ्यात दुसरं काही विकावं की

अमेरिकेत हे जुनं आहे. एकाच छताखाली पूल टेबलं आणि अंगणातलं फर्निचर, गरम पाण्याचे टब, पोहण्याच्या तलावाचं सामान विकणारी दुकानं पुष्कळ दिसतात. एकाची सुस्ती ती दुसऱ्याची तेजी. हंगामी चढ-उतारावर हा चांगला इलाज आहे, मंदीवर मात्र नाही, कारण अंगणातली खुर्चीही घराशीच बांधलेली आणि तीही पुढे ढकलता येणारी. हंगाम सपाट होतो, पातळी खालीच राहते.

मंदीत खरा आधार मिळतो तो दुरुस्तीचा. कापड फाटलं, रबर कडक झालं, घर बदललं, कुणी जुनं टेबल फुकट आणलं आणि आता ते बसवायला माणूस हवा. नवं टेबल न घेणारा गिऱ्हाईक जुन्याचं कापड बदलून घेतो. यात माल कमी आणि मजुरी जास्त, म्हणजे पैसा साठ्यात अडकत नाही. पूलच्या लीग असतात, त्यांचाही उपयोग होतो. १९७९ मध्ये सुरू झालेली अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन वर्षातून तीन सत्रं भरवते, त्यातलं एक भर उन्हाळ्यातलं. दर आठवड्याला खेळणाऱ्याला क्यूचं टोक बदलायचं असतं, चॉक, हातमोजा लागतो. दहा-वीस डॉलरची ही विक्री भाडं भरत नाही, पण माणूस दुकानात येत राहतो. माझ्या मते जी दुकानं तगतात त्यांची कमाई शोरूमपेक्षा टेम्पोतल्या हत्यारांवर जास्त असते.

सुस्ती आणि मंदी यातला फरक ओळखायचा कसा?

जूनची विक्री मेपेक्षा कमी झाली यावरून काहीच कळत नाही, ती दर वर्षी होते. जूनची तुलना मागच्या वर्षीच्या जूनशी करायची. सरकारी आकड्यांत 'हंगामी समायोजन केलेले' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी ठरल्याप्रमाणे होणारी चढ-उतार वजा करून उरलेला बदल दाखवला आहे.

यातही एक अडचण आहे, जी आपल्याला दिवाळीमुळे चांगली माहीत आहे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. मग ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना काय कामाची? म्हणून लहान दुकानदारासाठी सरळ उपाय म्हणजे दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांच्या विक्रीची बेरीज करणं. जुना महिना वगळायचा, नवा मिळवायचा. या बेरजेत एक दिवाळी, एक उन्हाळा असतोच (सण एखाद्या वर्षी महिन्याच्या सीमेवर आला तर तेवढं लक्षात ठेवायचं). ही बेरीज सलग चार-पाच महिने घसरत असेल तर गोष्ट हंगामाची नाही, आणि पुढची ऑर्डर लहान करायची वेळ आली आहे. वहीच्या एका पानावर हे होतं.

कर्ज काढून उन्हाळा काढता येत नाही का?

चांगल्या वर्षी येतो. आपल्याकडे जशी सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादा, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसं उचलायची सोय असते, तशी अमेरिकेतल्या दुकानदारालाही बँक उचल मंजूर करून देते. उन्हाळ्यात उचलायचं, नाताळात फेडायचं. पण लहान दुकानदाराच्या कर्जामागे बहुधा त्याचं स्वतःचं घर किंवा वैयक्तिक हमी असते. २००८ मध्ये घराची किंमत पडली, तसं तारणही पडलं, आणि बँकांनी मर्यादा कमी केल्या. ज्या कारणाने गिऱ्हाईक आटलं त्याच कारणाने कर्जही आटलं. मोठी साखळी दुकानं अशा वेळी पुरवठादाराला तीन महिने थांबवू शकतात, घरमालकाशी भाडं कमी करून घेऊ शकतात. एका दुकानाच्या मालकाचं तेवढं वजन नसतं, आणि धंदा बुडाला तर त्याच्याबरोबर राहतं घरही जाऊ शकतं.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे

महाराष्ट्राचं या खेळाशी नातं जुनं आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या मायकेल फरेरांनी पुढे ते पद तीनदा मिळवलं. पण घरात टेबल ठेवण्याइतकी जागा इथे फार थोड्यांकडे. टेबल घेतात ते क्लब, जिमखाने, पार्लर आणि गृहसंकुलांची क्लबहाऊस. त्यामुळे विक्रीचा हंगाम सणापेक्षा इमारतीचा ताबा कधी मिळतो यावर जास्त अवलंबून, आणि बांधकाम रखडलं की टेबलाचं बिलही रखडतं. अमेरिकी दुकानदाराला गिऱ्हाईक मिळत नाही, इथल्याला गिऱ्हाईक मिळूनही पैसे मिळत नाहीत. जानेवारी २०१९ पासून या वर्गातल्या खेळसामानावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण थकलेल्या बिलाला त्याचा उपयोग नाही.

टेबल घ्यायचं असेल तर

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर घेतलेल्या, बेसमेंट रिकामं असलेल्या मराठी मंडळींनी जुलै-ऑगस्टमध्ये दुकानात जावं. भाव तेव्हा चांगला मिळतो, बसवणारी माणसं मोकळी असतात, घाईत काम उरकत नाहीत. मात्र पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. सुस्तीच्या महिन्यांत अडचणीत आलेला दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाचं टेबल नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून मागवत असू शकतो, आणि दुकान बंद पडलं तर घेणेकऱ्यांच्या रांगेत तुम्ही बऱ्याच मागे उभे असाल. शोरूममध्ये मांडलेलंच टेबल घ्या, थोडी रक्कम देऊन बसवायची तारीख पावतीवर लिहून घ्या, आणि बाकीचे पैसे लेव्हल तपासून झाल्यावर द्या. वर्षभरानंतर कापड ताणायला किंवा लेव्हल पुन्हा बघायला माणूस पाठवाल का, तेही विचारा, आणि त्या कामाचे वेगळे पैसे पडत असतील तर घासाघीस करू नका.